इस्तंबूलचे नकाशे

“मग यात काय नाही?” फजलबाबांनी विचारलं.

वजीहुद्दीन हसला. “यात सगळं आहे, बाबा. अख्खी दुनिया.”

कागझीपुऱ्याचे फजलबाबा कागद बनवत आणि त्याच ओट्यावर मुलांना शिकवत. वजीहुद्दीन त्यांचा जुना शागीर्द. अकरा वर्षं इस्तंबूलला काढून तो परतला, तो नकाशांचा हा ग्रंथ घेऊन. हाताने काढलेला नव्हे, छापलेला. मोजक्याच प्रती निघाल्या, त्यांतल्याही कित्येक गोदामाच्या आगीत जळाल्या, हे त्याने बाबांना दोनदा ऐकवलं. पानाला तो कुणाला बोट लावू देत नसे. बाबांनी एकदा शाबास म्हणावं, एवढ्यासाठी तो इथवर आला होता.

बाबांनी कागद तेवढा निरखला.

हौदात लगदा ढवळणारी मलिकाबी उठून जवळ आली. यात सुरत आहे का, असं तिने विचारलं. त्याने दाखवली. आणि जेद्दा? तेही दाखवलं. मधे समुद्राची जागा कोरी होती. गलबताला किती दिवस लागतात, वारे कधी फिरतात, सगळं त्याने झोकात सांगितलं.

ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.

“हिचा धनी हजला निघाला होता,” बाबा हलकेच म्हणाले. “नऊ वर्षं झाली. गलबत याच वाटेवर बुडालं. फातिहा पढायला हिला कबर नाही.”

तोवर मलिकाबीने ओला पंजा त्या कोऱ्या जागेवर टेकवला होता.

ग्रंथ ओढून घ्यायला वजीहुद्दीनने हात पुढे केला... बाबांनी त्याचं मनगट धरलं.

मलिकाबीने डोळे मिटले. ओठ हलत राहिले. मग तिने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि ती हौदाकडे परत गेली.

पानावर पाच बोटं उमटली होती. वजीहुद्दीन बघत राहिला. राग यायला हवा होता, तो येईना.

शेवटी त्याने ओट्यावरचा एक कोरडा कागद उचलला.

“ओल टिपून घेऊ, बाबा?”

आल्यापासून त्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “या समुद्रात तेवढंच पाणी खरं आहे.”