करवंटीखालची राणी

एका जंगलात एक माकड राहत असे. हात स्वस्थ ठेवून बसणे मात्र त्याला जन्मात जमले नव्हते. एके दिवशी त्याला पंख गाळून बसलेली मुंग्यांची राणी दिसली. बिचारी घरासाठी जागा शोधत होती. माकडाने तिला अलगद पानावर घेतले, बुंध्यातल्या ढोलीत ओली माती पसरून तिथे ठेवले आणि वर करवंटी पालथी घातली. मग जंगलभर सांगत सुटले, "यंदा आमच्या घरी मुंग्यांचं गोकुळ नांदणार बरं का!" राणी म्हणाली, "माकडभाऊ, जागा झकास आहे. आता मला अंधार द्या आणि खुशाल विसरून जा. खायलाही काही नको. अंगात उडण्याची ताकद शिल्लक आहे, तिच्यावरच पहिली लेकरं वाढवीन."

पण विसरेल ते माकड कसले! सकाळी करवंटी उचलून त्याने विचारले, "राणीसाहेब, झोप लागली ना?" दुपारी उंबराची फोड आत सरकवली. संध्याकाळी सशाला आणि साळिंदराला राणीने घातलेली अंडी दाखवायला आणले. पहिल्या दिवशी अंडी होती बारा, दुसऱ्या दिवशी आठ आणि तिसऱ्या दिवशी चार. माकडाने कपाळावर हात मारला. "चोरी! माझ्या घरात चोरी!"

"चोर कुणी नाही, मीच खाल्ली," राणी म्हणाली. "तुम्ही छप्पर उचललंत की मला वाटतं, शत्रूच आला. त्याच्या तोंडी जाण्यापेक्षा माझ्या पोटात गेलेली बरी. आता ही चारच उरली. नवी घालायला अंगात त्राण नाही."

माकडाला रडूच कोसळले. आपले हात आपलेच ऐकत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. ते थेट म्हाताऱ्या कासवाकडे गेले. "कासवदादा, ढोलीच्या तोंडाशी बसा आणि मी पाया पडलो तरी हलू नका." कासव म्हणाले, "न हलणं ना? एवढंच काम असेल तर आपण तयार आहोत." आणि ते ढोलीच्या तोंडात घट्ट बसले. दुसऱ्याच सकाळी माकड खरोखरच पाया पडले. "एकदाच हो, एकाच डोळ्याने!" कासवाने मान आत ओढून घेतली. माकडाने बोरे देऊ केली, पाठीला गुदगुल्या केल्या, शिव्याही दिल्या. महिनाभर कासव घोरत राहिले.

अखेर कासव भूक लागली म्हणून उठले. माकडाने करवंटी तसूभर उचलली. राणीभोवती चार चिमुकल्या मुंग्या लगबगीने फिरत होत्या! तेवढ्यात एकीने त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला. "आई गं! अगं, मी तुमचा मामा!" माकड ओरडले. मुंगीने राणीला विचारले, "आई, हा कोण गं?" राणी म्हणाली, "आपल्याला घर देणारा." मुंगी म्हणाली, "मग घर देऊन पुन्हा उचलतो कशाला?" माकडाने करवंटी हळूच खाली टेकवली. दूर जाऊन ते दोन्ही हात बुडाखाली दाबून बसले.

तात्पर्य : ज्याचे भले व्हावे असे मनापासून वाटते, त्याची काळजी कधी कधी हात आवरूनच घ्यावी लागते.