नसलेली चिंच

जुन्या पेठेत पाहुण्यांना पायी फिरवणाऱ्या मालनताई कासार यांच्या परवान्याची त्या दिवशी तपासणी होती. परवाना गेला की काम गेलं. तपासनीस भडकमकर साहेब वही घेऊन मागे चालत होते आणि ताई चुकल्या की खूण करत होते. आतापर्यंत पाच खुणा झाल्या होत्या.

तिठ्यावर त्या सवयीने बोलून गेल्या, "आता या चिंचेपासून डावीकडे."

साहेब थांबले. "चिंच कुठे आहे?"

"आजोबांच्या काळातच पडली, साहेब. पण सगळी पेठ अजून असंच म्हणते."

"पेठ काहीही म्हणेल. नाही ते दाखवणं म्हणजे लोकांची फसवणूक. आणा तो परवाना."

ताईंनी गळ्यातला परवाना काढला. "देते. तुमची गाडी कुठे लावलीय, तेवढं सांगा."

"जकात नाक्यावर. का?"

"जकात केव्हाच बंद झाली, साहेब. नाका पाडून तिथं दूध डेअरी झाली. तरी पेठेत कुणालाही नाका विचारा, थेट गाडीपाशी नेऊन सोडतील."

साहेबांचा पुढे आलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी वही मिटली.

"चिंचेपासून डावीकडे म्हणालात ना? चला."