सासूबाईंना न दिसलेलं शून्य

“सून नव्हे, दुसरंच कुणी उंबरा ओलांडून आलंय. अमावास्येच्या आत माहेरी धाडा,” भिवाबुवा मामंजींना दबक्या आवाजात सांगत होता. मी दाराआड होते.

खात्री पटवायला त्याने वारलेल्या सासूबाईंना अंगात बोलावलं. धुपाच्या धुरात त्याच्या गळ्यातून बाईचा घोगरा आवाज निघाला, “तीन आकडी संख्या मनात धरा. उलटी करा. मोठीतून लहान वजा करा. उत्तराचा शेवटचा आकडा तेवढा सांगा.”

“पाच,” मामंजी म्हणाले.

“चारशे पंच्याण्णव!”

“तीन,” माझे यजमान पुटपुटले.

“सहाशे त्र्याण्णव!”

दोन्ही उत्तरं बरोबर होती. समई फडफडली, बापलेक पांढरेफटक पडले. मला मात्र दिसलं, मधला आकडा दोन्हीकडे नऊ, आणि कडेच्या दोघांची बेरीजही नऊच.

मी पुढे होऊन म्हटलं, “शून्य.”

“नऊशे नव्वद!” आवाज गरजला.

मी पदर सावरला.

“मामंजी, मी पाचशे पंधरा धरले होते. उलटे केले तरी पाचशे पंधराच, वजा केल्यावर काहीच उरत नाही. बुवा नुसती नवाची जोडी लावतात. सासूबाई खरंच आल्या असत्या, तर सुनेची लबाडी त्यांच्या नजरेतून सुटली असती का?”