ओल्या मातीचा हुकूम

त्या रानात नाव न सांगता बोलता येत असे. रानाच्या मधोमध एक पोकळ बेहडा होता. त्याच्या ढोलीत तोंड घालून बोललेला शब्द वरच्या फांद्यांतून साऱ्या रानाला ऐकू जाई, आणि आवाज मात्र सगळ्यांचा सारखाच येई. हरिणं तिथे दुखण्यावरचा पाला विचारत, ससे आपली भीती सांगत, काही जण नुसत्या शिव्या देत.

एकदा कुणीतरी साळबा नावाच्या म्हाताऱ्या साळिंदराच्या लंगड्या चालीची थट्टा केली. सलग आठ दिवस केली. साळबाने वाघाच्या दरबारात तक्रार नेली. दरबार जणू वाटच पाहत होता. हुकूम निघाला: ढोलीपुढे ओली माती पसरावी, बोलणाऱ्याने आधी तीत पाय उमटवावा. ठसे वाळवून जपायचं काम पहारेकरी तरसांकडे आलं. थट्टा थांबली. साळबाला बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात निमा नावाच्या पिसोरीचं, त्या सशाएवढ्या हरिणीचं, एक पिल्लू नाहीसं झालं. पहाऱ्यावरच्या तरसाने ते उचललेलं तिने स्वतः पाहिलं होतं. ती ढोलीपर्यंत गेली, मातीच्या कडेला थांबली, परत फिरली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा परतताना तिला साळबा भेटला. तिने त्याला सगळं सांगितलं.

“मग ढोलीत बोलून टाक,” तो म्हणाला.

“एवढा लहान खूर या रानात दुसऱ्या कुणाचा आहे, बाबा? आणि माझं दुसरं पिल्लू अजून अंगावर पितंय.”

साळबाला त्या दिवशी अन्न गेलं नाही. लंगडत तो दरबारात पोचला.

“माझी तक्रार मी मागे घेतो. ती माती काढा.”

“तक्रार तुमची होती, आजोबा,” कारभारी कोल्हा नम्रपणे म्हणाला. “हुकूम आमचा आहे.”

तिथून साळबा थेट बेहड्याकडे गेला. चारही पाय मातीत रोवून त्याने निमाने पाहिलेलं सांगितलं, जणू आपणच पाहिलं होतं: कोणतं तरस, कुठली वाट, कुठलं झुडूप. ठिकठिकाणी आयांनी चरणं थांबवून माना वर केल्या. त्यांचीही पिल्लं त्याच वाटेवर हरवली होती.

दुपारी साळबाला चौकशीला बोलावलं. तो परत आला नाही.

निमा उरलेल्या पिल्लाला घेऊन रोज जागा बदलू लागली. बेहडा मुका झाला. रानात शांतता नांदते आहे, असं दरबाराने जाहीर केलं. त्यानंतर नवा हुकूम एकही निघाला नाही.

उन्हाळा आला. तळ्यात पाणी होतं, पण काठाचा चिखल गुळगुळीत होता, कुणाचं पाऊल न उमटलेला. वरच्या खडकांवर हरिणं, ससे, रानडुकरं दाटीने उभी होती. निमाही होती, पिल्लू तिला ढुशा देत होतं. सगळ्यांची नजर पाण्यावर होती, आणि खडकावरून खाली पाय कुणीच ठेवत नव्हतं.