तळ्यातली लाखोली

फार फार वर्षांमागं डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक तळं होतं आणि तळ्याच्या काठी महादेवाचं देऊळ होतं. त्या गावात सगुणा नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा मोठ्या दुखण्यातून उठला, म्हणून तिनं महादेवाला लाखोली बोलली. देवाचं नाव घेत एकेक करून लाख फुलं वाहायची.

नवस बोलायला तोंड पुरतं, फेडायला फुलं लागतात. गावातल्या तगरी-कण्हेरी आठवड्यात ओक्याबोक्या झाल्या. सगुणा परडी घेऊन येताना दिसली, की शेजारणी परसाचं दार लोटून घेऊ लागल्या.

एके दिवशी देवळात दूरदेशीचा एक यात्रेकरू उतरला. त्याच्या मडक्यात एक रोप तरंगत होतं. देठ फुगीर, पानं हिरवीगार, वर निळ्याजांभळ्या फुलांचा तुरा.

तो म्हणाला, "माई, हे तळ्यात सोडा. याला ना माती लागते, ना खत. फुलांना तोटा पडायचा नाही."

सगुणेनं हात जोडले आणि रोप तळ्यात सोडलं.

एकाची चार रोपं झाली, चाराची चाळीस. दुसऱ्या वर्षी अर्धं तळं निळं झालं. सगुणेची परडी रोज भरू लागली. देवच पावला, असं तिला वाटलं.

काठावर भिवरा नावाची म्हातारी भोईण राहायची. तिची चूल तळ्यातल्या मासळीवर पेटायची. एकदा ती म्हणाली, "सगुणाबाई, या झाडाला खातं कोण? म्हशीनं हुंगलं नि तोंड फिरवलं. मासा शिवत नाही, कीड लागत नाही. ज्याला कुणी खात नाही, ते सगळ्यांना खातं, बघा."

"मावशी, देवाचं फूल आहे ते. नावं ठेवू नये."

"देवाचंच असेल. पण देवानं ते इथं ठेवलं नव्हतं, तुम्ही ठेवलंत."

सगुणा हसली आणि पुढं गेली. देवाचं फूल म्हणून गावात कुणी ते उपटेना. काठाला लागलेलं रोपसुद्धा लोक पायदळी नको म्हणून उचलून पुन्हा पाण्यात सोडत. पाहुण्यारावळ्यांनी प्रसाद म्हणून एकेक रोप आपल्या गावी नेलं. सात गावांच्या पाण्यात ते पोचलं.

तिसऱ्या वर्षी पाणी दिसेनासं झालं. कमळं कुजली. भिवरेचं जाळं पाण्यात बुडेना, पानांवरच पसरून राही. पाण्याला वास मारू लागला.

लाखाला दहा हजार फुलं उरली होती. सगुणा सकाळी देवळात आली. दारातल्या दगडी कासवाला तिनं नेहमीसारखं फूल वाहिलं आणि अभिषेकाचं पाणी आणायला घाटावर गेली. तांब्या पाण्यात जाईना. तिनं हातानं पानं बाजूला सारली, तेव्हा खालून एक म्हातारं कासव वर आलं. त्यानं घशात घरघर करत श्वास घेतला.

"बाई," कासव म्हणालं, "माझ्या दगडी भावाला रोज फूल वाहतेस. माझ्या डोक्यावर मात्र छप्पर घातलंस. श्वासाला वर यावं, तर दार बंद. आज तू हात घातलास म्हणून वाचलो. उद्या कोण घालणार?"

पानं पुन्हा मिटली. सगुणेनं तांब्या पायरीवर ठेवला. मग तिनं पदर खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि पहिलं रोप मुळासकट ओढून काठावर टाकलं. "नमः शिवाय," ती म्हणाली. "एक."

घाटावर बायका जमल्या. तिची थोरली जाऊ कडाडली, "अगं, देवाच्या फुलाला मुळासकट हात घालतेस? घेतला वसा टाकू नये! उद्या भाऊजींना काही झालं म्हणजे?"

तीच भीती सगुणेच्याही मनात होती. तरी ती म्हणाली, "वसा टाकत नाही, जाऊबाई. उरलेली लाखोली अशी वाहते. लावताना हात माझे होते, काढतानाही माझेच."

तेवढ्यात तिचा नवरा कोयता घेऊन पाण्यात उतरला. "नवस माझ्यासाठी ना? मग मी काठावर कशाला?" त्याच्यामागून भिवरा आली. "चला, एकदाचं माझंही खरं झालं!" असं म्हणत तिनं दोन्ही हातांनी रोपं ओढली. पाहता पाहता सगळं गाव उतरलं, सर्वांत शेवटी जाऊबाई.

दहा हजार झाली, तरी तळं मोकळं झालं नाही. सगुणा थांबली नाही. वाळवलेल्या रोपांचे ढीग ती जाळत राहिली. मग सातही गावी पायी गेली आणि प्रसाद परत मागून आणला.

दोन वर्षांनी तळ्याच्या मध्यात पाणी चमकलं. कासवानं डोकं वर काढलं आणि सावकाश श्वास घेतला. भिवरेच्या जाळ्यात मासळी आली, एक कमळही उमललं. नवरा धडधाकट राहिला. पण ते रोप समूळ गेलं नाही. आजही दर श्रावणी सोमवारी गाव तळ्यात उतरतं, दिसेल ते रोप उपटतं आणि मगच देवाला पाणी घालतं.

म्हणून, बाळांनो आणि बायांनो, ध्यानात ठेवा: परक्या पाण्यातलं रोप आपल्या पाण्यात सोडण्याआधी त्याला आवरणारं इथं कोण आहे, ते विचारावं. भक्तीनं केलेली चूकसुद्धा हातांनीच निस्तरावी लागते.