कोळशातला पाहुणा

फार फार पूर्वी, आभाळातल्या नायट्रोजनच्या एका कणाला अवकाशातून आलेल्या किरणांमुळे असा धक्का बसला की त्याचा कार्बनच झाला, पण कायम न टिकणारा. पानातून तो झाडात शिरला, झाडाबरोबर चुलीत जळला आणि कोळसा होऊन मातीखाली गाडला गेला.

"मी पुन्हा वारा होणार," तो रोज म्हणे.

शेजारचा साधा कार्बन वैतागे. "अरे, मुहूर्त तरी सांग!"

"त्याला मुहूर्त नसतो. आत्ताही होईल, दहा हजार वर्षांनीही होईल."

"मग तोवर गप्प बस!"

एके दिवशी बोलता बोलता तो खरंच गप्प झाला. नायट्रोजन होऊन मातीच्या फटीतून निघूनही गेला.

साध्या कार्बनला कुठंच जायचं नव्हतं. तरी वर वारा सुटला की तो हळूच विचारी, "तूच का रे?"