सासूची बारव

पायऱ्या जरा जपून उतरा. दगड झिजून गुळगुळीत झालेत, नवख्या माणसाचा पाय घसरतो. या पहिल्या टप्प्यावर बसू आपण, इथं सावली असते.

मी कोंडाबाई. या कासारगव्हाणची सून. बारव झाडायचं काम आमच्या घराकडे आहे, म्हणून बाहेरची मंडळी आली की मलाच बोलावतात. तुम्ही गुजरातेतल्या पायऱ्यांच्या विहिरी पाहिल्यात, परदेशातली संग्रहालयंही पाहिलीत, असं तुमच्याबरोबरच्या या ताई सांगत होत्या. त्या मानानं आमची बारव लहान. पण समोर पूर्वेच्या भिंतीत ती मोठी देवळी दिसते ना, तिच्यात काय आहे ते नीट बघा. बारवेच्या देवळीत एरवी गणपती असतो, नाहीतर देवी. इथं दोन बायका बसल्यात, मांडीला मांडी लावून. हातात शस्त्र नाही, खाली वाहन नाही. डावीकडची वयस्कर आहे, तिचे गाल बसलेले दिसतात. उजवीकडची तरणी आहे. वयस्कर बाईचा हात तरण्या बाईच्या गुडघ्यावर आहे.

अभ्यासक येतात, फोटो काढतात. एक म्हणाले, या बहिणी-बहिणी देवता असाव्यात. दुसरे म्हणाले, बारवेला दान देणाऱ्या बायका असतील. असतीलही. गावात विचाराल तर लहान पोरसुद्धा सांगेल की ही ठकाई आणि ही तिची सून राही. मी या गावात आले तेव्हा माझ्या सासूनं मला त्यांची गोष्ट सांगितली. तिनं जशी सांगितली तशीच सांगते.

फार जुना काळ, असं सांगतात. गावाला पाणी नव्हतं. बाया डोंगराखालच्या झऱ्यावरून पाणी आणत. उन्हाळ्यात झरा बारीक व्हायचा आणि एक घागर भरायला दिवस जायचा. त्या वेळचे पाटील बाहिरजी. त्यांनी देवीपुढं शब्द दिला की गावाला बारव बांधून देईन, आणि अशी देईन की लांबून लोक बघायला येतील. त्यांनी दक्षिणेतून शिदाप्पा नावाचा पाथरवट आणला. शिदाप्पानं आपली माणसं आणली. खोदकाम खाली चालू राहिलं आणि वरच्या बाजूनं पायऱ्या, कमानी, देवळ्या घडत गेल्या. दगडाला दगड असा बसवला की मधे चुना नाही की माती नाही. तुम्ही बोट फिरवून बघा, सांधा लागत नाही.

पण तळाला पाणी लागेना. काळा पाषाण लागला आणि पहारी बोथट व्हायला लागल्या. बारव पुरी झाली आणि कोरडी राहिली. आजूबाजूच्या गावांतले लोक यायचे, कमानींचं कौतुक करायचे आणि जाताना हसायचे. बाहिरजी पाटील मानी माणूस. ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी लांबून एक जाणता बोलावला. तो म्हणे दिवसभर तळाशी डोळे मिटून बसला आणि वर येऊन म्हणाला, "पाणी आहे, पण देवीनं अडवून धरलंय. तिला पाटलांच्या घरची थोरली सून पाहिजे. पूर्वेच्या देवळीत तिला बसवा आणि देवळी चिणून टाका. पाणी येईल."

पाटलांना लिंबाजी नावाचा एकच मुलगा होता. त्याची बायको राही. तिला या घरात येऊन वरीस-दीड वरीस झालं असेल. तिचं माहेर लांब, बाप वारलेला, भाऊ नव्हता. तिच्या वतीनं जाब विचारायला येईल असं कोणी नव्हतं. तिची सासू ठकाई. ही फार कडक बाई होती, असं सगळेच सांगतात. भाकरी जाड झाली तरी बोलायची, पातळ झाली तरी बोलायची. राहीशी ती गोड बोललेली कोणी ऐकली नव्हती. त्यामुळं जाणत्याचा शब्द घरात आला तेव्हा सासू आड येईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

पाटलांनी ठकाईला सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. लिंबाजीला सांगितलं. तो खाली बघत राहिला. बापापुढं बोलायची त्याची रीत नव्हती. राहीला एवढंच सांगितलं की बारवेची पूजा आहे आणि पूजेचा मान तुझा आहे.

पूजेच्या दिवशी सकाळी ठकाईनं राहीला समोर बसवून तिची वेणी घातली. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. शेजारच्या बाया येऊन जात होत्या, पण राहीच्या तोंडाकडे एकही बघत नव्हती. पोरीला काय कळायचं ते कळलं.

ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी परत येणार नाही ना?"

ठकाई वेणीला गाठ मारत म्हणाली, "गप चाल माझ्या मागनं. मी थांबले की थांबायचं."

वाजतगाजत सगळे बारवेवर आले. सून नवी असली की सासूनं पुढं चालायचं ही तेव्हाही रीत होती, म्हणून ठकाई पुढं आणि राही मागं. देवळीशेजारी शिदाप्पाची माणसं घडवलेले दगड घेऊन उभी होती. शिदाप्पा स्वतः मात्र वर कमानीपाशी पाठ करून बसला होता, असं म्हणतात. ठकाई देवळीपाशी पोचली. सगळ्यांना वाटलं, आता ती बाजूला होईल आणि सुनेला पुढं करेल. ती वाकली, देवळीत चढली आणि स्वतःच मांडी घालून बसली.

वाजंत्री थांबली. पाटील वरच्या पायरीवरून म्हणाले, "हे काय चालवलंय? बाहेर ये."

"देवीनं कोण मागितलंय?" ठकाईनं विचारलं.

"ठाऊक आहे तुला. घरची थोरली सून."

"मग मी कोण आहे? तुमच्या बापाच्या घरात मी सून म्हणूनच आले ना? सासूबाई गेल्या, जाऊ गेली. आता त्या घरातली थोरली सून मीच. ही तर कालची पोर. देवीला फसवताय का? लावा दगड."

पाटलांनी जाणत्याकडे बघितलं, जाणता दुसरीकडे बघायला लागला. शिदाप्पाच्या माणसांनी हातातले दगड खाली ठेवले. बाहिरजी पाटील दोन पायऱ्या खाली उतरले. ते म्हणाले, "तुला कसं चिणू मी? तू माझी बायको आहेस."

ठकाई म्हणाली, "आणि ही कुणाची कोणीच नाही?"

माझी सासू सांगायची की त्या वेळी सगळ्यांनी लिंबाजीकडे बघितलं. तो गर्दीत मागं उभा होता. त्याला वर मान करवेना.

ठकाई पुढं म्हणाली, "मला चिणवत नसेल तर तिलाही कोणी चिणायचं नाही. आणि पाणी लागेपर्यंत मी इथून उठणार नाही. तुम्ही देवीला शब्द दिलाय, मी तुम्हाला देते."

राही तोवर खाली पायरीवर उभी होती. सासू थांबली तशी तीही थांबली होती. आता ती देवळीत चढली आणि सासूच्या शेजारी बसली. ठकाई तिच्यावर खेकसली, "तू कशाला आलीस? घरी जा. भाकऱ्या कोण करणार?" राही उठली नाही. तेव्हा म्हणे ठकाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मग काढला नाही.

सगळ्यांच्या आधी लिंबाजी हलला. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून पायरीवर ठेवलं, तळाला उतरला आणि तिथं टाकून दिलेली पहार उचलली. एकटाच त्या काळ्या पाषाणावर घाव घालत राहिला. थोड्या वेळानं शिदाप्पा कमानीवरून उठून खाली आला आणि त्याच्या शेजारी घण घेऊन उभा राहिला. मग एकेक करून गावातली माणसं उतरली. शेवटी बाहिरजी पाटीलही उतरले. पाटलानं पहार धरलेली गावानं तेव्हाच पहिल्यांदा बघितली.

किती दिवस गेले ते नक्की कुणी सांगत नाही. कुणी आठवडा म्हणतं, कुणी महिना. बाया घरून भाकरी आणायच्या आणि देवळीतल्या दोघींना द्यायच्या. राही उतरून सासूसाठी घागर आणायची आणि परत येऊन बसायची. ठकाई मात्र उठली नाही. बसल्या बसल्या ती खोदणाऱ्यांनाही बोलायची, पहार अशी धरतात का, म्हणून. लोक सांगतात, तिचा आवाज ऐकला की थकलेली माणसं हसायची आणि पुन्हा कामाला लागायची.

मग एका दुपारी लिंबाजीची पहार एका फटीत अडकली. देवळीच्या बरोबर खाली, कोपऱ्यात. त्यानं ती ओढून काढली आणि टोक ओलं दिसलं. शिदाप्पानं तिथं घण मारला. पाषाण फुटला आणि पाणी वर आलं, आधी गढूळ, मग निवळ. देवीनं पाणी सोडलं ते पूर्वेच्याच बाजूला, असं म्हणतात. देवळी चिणली असती तर त्या कोपऱ्यात पुन्हा कुणी पहार मारली नसती.

पहिली घागर भरून वर आली. पाटील म्हणाले, "आधी देवीला." ठकाई म्हणाली, "देवीनं दिलंय, तिला कशाला परत करताय?" आणि तिनं घागरीत ओंजळ बुडवून ती राहीच्या तोंडाला लावली. देवीच्या आधी, पाटलांच्या आधी पाणी प्यायली ती ही पोर.

मग ठकाई उठायला गेली आणि उठता येईना. पाय धरले होते. ते पुढं कधीच पुरते सुटले नाहीत. राहीनं तिला उठवलं, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी करत वर आणलं. लिंबाजी पुढं झाला तर राही म्हणाली, "राहू द्या, मी आणते." ते ऐकून त्याच्या डोळ्याला पाणी आलं, असं सांगतात. नवरा-बायकोचं पुढं बरं चाललं, पण ते बरं व्हायला वेळ लागला. ठकाईचा स्वभाव मात्र बदलला नाही. भाकरीवरून ती शेवटपर्यंत बोलत राहिली.

देवळी रिकामी होती. पाटलांनी शिदाप्पाला सांगितलं, तिथं लक्ष्मी बसव. शिदाप्पानं कापड लावून काम केलं आणि कापड काढलं तेव्हा आत या दोघी होत्या. पाटलांनी बघितलं आणि पायऱ्या चढून निघून गेले. ठकाईला राहीनं आधार देत आणलं. ती म्हणे शिदाप्पाला म्हणाली, "मला एवढी म्हातारी का केलीस?"

तर अशी ही सासूची बारव. मागं एकदा मोठ्या संग्रहालयाची माणसं आली होती. ही शिळा हलवून नेतो, तिथं ती जपली जाईल, असं म्हणाली. चांगली माणसं होती, त्यांचा हेतूही चांगला होता. गावातल्या बायांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, शिळा इथंच राहील, आम्हाला रोज काम असतं तिच्यापाशी.

आजही या गावात लग्न होऊन सून आली की घरच्या देवाच्या आधी तिला इथं आणतात. सासू पुढं उतरते. स्वतःच्या ओंजळीनं सुनेला पाणी पाजते आणि तिच्यानंतर बाकीचे पितात. वर जाताना सुनेनं सासूचा हात खांद्यावर घ्यायचा. सासू धडधाकट असली, नको नको म्हणाली, तरी घ्यायचा. माझी सून गेल्या वर्षी आली. पुण्याला कंपनीत आहे, इंग्रजीत बोलते, मी तिला जरा भीतच होते. वर चढताना या टप्प्यावर माझे गुडघे खरंच दुखायला लागले, पण मी बोलले नाही. तिनं ओळखलं. म्हणाली, "आई, बसू या थोडं, मलाही दम लागलाय." तिला कुठला दम लागतोय. आम्ही दोघी बसलो इथंच, आणि लोक वर वाट बघत उभे राहिले.